एका छपराखालचे जंत

रात्री पोर दात खायला लागलं की घरातली आजी सकाळी उठल्या उठल्या निदान करून मोकळी होते: जंत झालेत. मग वावडिंग उगाळलं जातं, कुणी पळसपापडी आणतं, कुणी किरमाणी ओवा. आणि शिक्षा होते गुळाला. हातकणंगले तालुक्यात दिवाळीनंतर गुऱ्हाळाच्या काहिलीचा वास शिवारभर पसरतो. तिथं "गूळ लई खाल्ला" हे जंतांचं कारण पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलं. दात खाण्याचा आणि जंतांचा पक्का संबंध वैद्यकशास्त्राला सापडलेला नाही आणि गुळातून जंत होत नाहीत. गूळ बिचारा निर्दोष आहे. तो ज्या बोटांनी चाटला त्या बोटांची मात्र खात्री देता येत नाही. वावडिंगाची थट्टा करण्याचंही कारण नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी कृमींचे २० प्रकार मोजले होते, आणि किरमाणी ओव्याच्या कुळातल्या वनस्पतींपासून काढलेलं सँटोनिन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या दवाखान्यांत जंतांवर दिलं जात होतं.

घरात दात खाण्याचा आवाज आईच्या कानावर जातो. साठ खाटांच्या हॉलमध्ये तो कुणाच्या कानावर जायचा?

या व्याख्यानाचा विषय तो हॉल आहे. माणसं जिथं घराबाहेर, पण एका छपराखाली राहतात, जेवतात, झोपतात, अशा जागांतले पोटाचे कृमी. आश्रमशाळा, समाजकल्याणची वसतिगृहं, बालगृहं, बौद्धिक दिव्यांग मुलांच्या निवासी शाळा, वृद्धाश्रम. जेवणाच्या वेळेआधी असा विषय काढणं बरं नव्हे, अशी कुजबुज श्रोत्यांत होणार. पण हा विषय नेहमी जेवणाच्या वेळेमुळेच मागे पडतो.

तो हातकणंगल्यात निघावा, हेही रास्तच. याच तालुक्यातल्या कुंभोजात २२ सप्टेंबर १८८७ रोजी पुढे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढणारे भाऊराव पाटील जन्मले. त्याच कुंभोजजवळच्या बाहुबलीला गुरुकुल उभं राहिलं. आणि इथून रेल्वेने तासाभराच्या आत गाठता येणारं कोल्हापूर म्हणजे तर वसतिगृहांची जननी. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शिकायला घर सोडावं लागतं आणि घर सोडलं तर जेवायचं कुठं, या एका अडचणीवर कोल्हापूरने शोधलेलं हे उत्तर साऱ्या महाराष्ट्राने उचललं.

भाऊराव कोल्हापुरात शिकत असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले. राहत होते त्या वसतिगृहात परतल्यावर त्यांना आंघोळ करून आत येण्यास सांगण्यात आलं, त्यांनी नकार दिला आणि राहती जागा गमावली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. हा प्रसंग जातिभेदाचा म्हणून आपण वाचतो, आणि तो तसाच वाचायला हवा. पण त्यात आजच्या विषयाचंही बीज आहे. कुणाला शिवून आलास म्हणून डोक्यावरून पाणी घ्यायला लावणारा तो काळ, परसाकडून आलेल्या माणसाने हात कशाने धुतले याची चौकशी करत नव्हता. शुद्धी आणि स्वच्छता यांची आपल्याकडे अशी कायमची गल्लत झालेली आहे. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो याची काळजी माणसाने वाहिली. जंताला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

एका छपराखाली सर्वांत मजेत राहणारा कृमी म्हणजे दोऱ्याच्या तुकड्यासारखा, पांढरा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा पिनवर्म. त्याचं सगळं गणित रात्रीचं. मूल झोपलं की मादी आतड्यातून खाली सरकते, गुदद्वाराच्या बाहेर येते आणि तिथल्या कातडीवर दहा हजारांच्या वर अंडी चिकटवून मरते. चार ते सहा तासांत ती अंडी पोटात गेली तर रुजण्याइतकी तयार होतात. म्हणजे रात्री अकराला घातलेली अंडी पहाटेच्या प्रार्थनेपर्यंत सज्ज. खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत जातात. सकाळी तीच बोटं तोंडात, शेजाऱ्याच्या पाठीवर, पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या तांब्यावर. दमट, थंड जागी ही अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात आणि चादर झटकली की धुळीबरोबर उडतातही. शिस्तीच्या वसतिगृहात पहाटे उठल्यावर पहिलं काम कोणतं? चादर झटकून घडी घालणं. जी सवय आपण मुलांना कौतुकाने लावली, तीच कृमीच्या पथ्यावर पडते. चादर न झटकता गुंडाळायची आणि गरम पाण्यात टाकायची; पण हे कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

या कृमीला माती लागत नाही, उघडं शेत लागत नाही, अस्वच्छ खेडं तर अजिबात लागत नाही. फरशी घातलेल्या, टाइल्स लावलेल्या इमारतीतही तो सुखाने नांदतो. त्याला हवी असते फक्त दाटी. म्हणून श्रीमंत देशांतल्या बालगृहांतही तो आहे, आणि काही संस्थांत निम्म्यापर्यंत मुलांना त्याची बाधा आढळलेली आहे. ज्या मुलांना खाज सुटते हे सांगता येत नाही, बोट तोंडात घालू नये हे समजत नाही, ज्यांचा लंगोट दुसऱ्याला बदलावा लागतो, त्यांच्या निवासी शाळांत त्याचं फावतं. अशा मुलाची चिडचिड, रात्रीचं जागणं, वर्गातली चुळबुळ हे सगळं त्याच्या मूळ दिव्यांगत्वाच्या खात्यावर मांडलं जातं. त्याला शांत ठेवायची गोळी वाढते, कृमीची गोळी मात्र मिळत नाही.

तपासणीचीही एक गंमत आहे. संडासाच्या नमुन्यात हा कृमी सहसा दिसतच नाही, कारण अंडी बाहेर कातडीवर असतात. १९४१ साली ग्रॅहम नावाच्या अमेरिकन संशोधकाने साधा उपाय काढला: सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबायची आणि काचेवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. खर्च काही रुपयांचा. पण आपल्या वसतिगृहांत पहाटे पाचला सगळ्यांना थंड पाण्याखाली उभं करतात, तपासनीस येतो अकराला आणि अहवाल येतो "काही आढळले नाही". अहवाल खोटा नसतो, पुरावा तेवढा मोरीतून वाहून गेलेला असतो.

आजीच्या निदानातला खरा जंत मात्र वेगळा. गांडुळासारखा, वीतभराहून लांब. त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी टाकते, पण ती अंडी लगेच रुजत नाहीत. ओल्या, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे मुरावी लागतात. माती आणि मानवी विष्ठा एकत्र आली तरच याचा संसार चालतो. पोटात गेल्यावर तो थेट आतड्यात मुक्कामही करत नाही. जपानच्या शिमेसू कोइनो या डॉक्टरने १९२२ साली स्वतः दोन हजार अंडी गिळली आणि पुढे आपल्याच थुंकीत जंताच्या अळ्या शोधून काढल्या. आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि पुन्हा गिळून आतड्यात, असा हा प्रवास. विज्ञानासाठी लोकांनी काय काय गिळलं, याचा स्वतंत्र इतिहास लिहिता येईल! संस्थेच्या चालकाने यातून लक्षात घ्यायचं ते इतकंच की पक्के संडास झाले, सेप्टिक टँक फुटका नसला आणि मैला परसबागेत गेला नाही, तर हा जंत हळूहळू हटतो. पिनवर्म तेवढ्याने हटत नाही. दोघांना "जंत" या एकाच शब्दात कोंबल्यामुळे संडास बांधले की प्रश्न सुटला, अशी समजूत होते.

पाण्याच्या वाटेने येणारे पाहुणे डोळ्यांना दिसत नाहीत. जिआर्डिया आणि अमिबा हे एकपेशीय जीव कवचात गुंडाळून पाण्यातून येतात. डच संशोधक लेवेनहुक याने १६८१ साली आपल्याच जुलाबाच्या थेंबात जिआर्डिया पाहिला. दहाएक कवचं पोटात गेली तरी बाधा होऊ शकते, हे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं. आणि ते प्रयोग झाले तुरुंगातल्या कैद्यांवर. एका छपराखाली कोंडलेली माणसं विज्ञानालाही सोयीची पडली, याची नोंद इथं करून ठेवायला हवी. अमिबाचं जगभर गाजलेलं प्रकरण शिकागोचं. १९३३ साली तिथं जागतिक प्रदर्शन भरलं, पाहुणे बड्या हॉटेलांत उतरले. जुन्या नळजोडण्यांत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. सुमारे १४०० जणांना आव झाली, ९८ माणसं गेली. दाराशी गणवेशातले नोकर, छताला झुंबरं आणि भिंतीआड एकमेकींना चिकटलेल्या दोन नळ्या.

हे सांगायला शिकागो गाठायची तशी गरज नव्हती. २०१२ साली याच तालुक्यातल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. कावीळ विषाणूची, कृमीची नव्हे. पण जिआर्डिया आणि अमिबा जी वाट वापरतात तीच वाट तिनेही वापरली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा गावांत शिरल्या तेव्हा शाळा आणि मंगल कार्यालयं रातोरात निवासी संस्था झाल्या. शेकडो माणसांना मोजके संडास, टँकरचं पाणी, ओलं अंथरूण. आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत होड्या असतात, बिस्किटं असतात. साबणाचं नाव खाली कुठंतरी, असलंच तर.

पाणी गाळून पिण्याची रीत या भागातल्या जैन घरांत फार जुनी. तिच्यामागे जीवदयेचा विचार असला, तरी तिचा आरोग्याला फायदा होऊ शकतो हे नारू या कृमीच्या रोगाने दाखवून दिलं. नारूच्या अळ्या पाण्यातल्या मिलिमीटरभर जलपिसवांच्या पोटात असतात आणि त्या पिसवा कापडात अडकतात. महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू होता. ना लस, ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी गाळलं, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही, आणि १९९६ साली राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पण त्याच कापडातून जिआर्डिया आरामात निघून जातो, कारण त्याचं कवच मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनलाही ते पुष्कळ वेळ दाद देत नाही. पाणी खळखळून उकळणं हा उपाय उरतो, आणि दीडशे मुलांचं पाणी रोज उकळायचं तर गॅसचा हिशेब कोण देणार, इथं गाडी अडते.

वसतिगृह चालतं ते स्वयंपाकघरावर. साताऱ्याला १९२४ साली भाऊरावांनी सर्व जातींच्या मुलांसाठी काढलेलं वसतिगृह उभं राहिलं त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातांचा वाटा केवढा होता हे महाराष्ट्र जाणतो. अंगावरचे दागिने मोडून त्यांनी मुलांना जेवू घातलं. आजच्या संस्थांत त्या जागी तुटपुंज्या मानधनावरच्या स्वयंपाकीण मावशी असतात. त्यांच्या पोटाची चौकशी कुणी करत नाही. १९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सनातनी ज्यू कुटुंबांतल्या चार जणांना झटके येऊ लागले. मेंदूत सापडले ते डुकराच्या मांसातून फैलावणाऱ्या पट्टकृमीचे कोश. या घरांत डुकराचं मांस उंबऱ्याच्या आतही येत नाही. शोध घेतल्यावर धागा पोचला तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामाच्या बायकांपर्यंत: त्यांच्यातल्या एकीच्या आतड्यात कृमी सापडला आणि अंडी हातांवाटे अन्नात गेली असावीत. "आमची मेस शुद्ध शाकाहारी आहे" हे वाक्य अशा वेळी कामाला येत नाही. याचा अर्थ मावशींना गुन्हेगार ठरवायचं असा नाही. त्यांना तपासणी, औषध आणि आजारपणात पगारी रजा द्यायची. रजेचा पैसा कापला की जुलाब लागलेली बाईही पोळ्या लाटायला उभी राहते.

वृद्धाश्रमातला धोका आणखी निराळा. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक कृमी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि पोटातल्या पोटात स्वतःची नवी पिढी तयार करत राहतो. त्यामुळे तो पन्नास वर्षंही टिकू शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश–सयाम रेल्वेवर राबवलेले ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी घरी परतले, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पोटात दशकांनंतरही हा कृमी सापडला. आयुष्यभर शेतात चिखल तुडवलेला म्हातारा वृद्धाश्रमाच्या गुळगुळीत फरशीवर येतो, तेव्हा असा जुना भाडेकरू त्याच्यासोबत येऊ शकतो. एरवी तो गप्प असतो. पण दम्यासाठी, सांधेदुखीसाठी स्टिरॉइड सुरू झालं की अंगाची राखण सैल पडते आणि अळ्या आतड्याची भिंत ओलांडून सगळीकडे पसरतात. हे जिवावर बेततं. कोविडच्या काळात स्टिरॉइडचा वापर वाढला तेव्हा आधी या कृमीचा विचार करा, असा इशारा वैद्यकीय नियतकालिकांनी दिला होता. यावरचं खात्रीचं औषध आयव्हरमेक्टिन. ते ज्या जिवाणूपासून आलं तो सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत मिळाला आणि २०१५ सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा ठरला. एका मातीतून कृमी, दुसरीतून औषध.

आता सरकारी गोळीकडे वळू. १० फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, पहिल्याच वर्षीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. मोहीम चांगली आहे, तिची थट्टा करणाऱ्यांनी गांडुळाएवढा जंत पडलेलं पोर पाहिलेलं नसतं. मातीतून येणाऱ्या मोठ्या जंतावर ती उत्तम चालते. चाबकासारख्या व्हिपवर्मवर एका गोळीचा असर कमी. जिआर्डियाला आणि अमिबाला एका गोळीने काही होत नाही. स्ट्राँगिलॉइडिसवर तिचा भरवसा धरता येत नाही. पिनवर्मवर ती लागू पडते, पण ती अंडी मारत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी लागते. आपली दुसरी येते सहा महिन्यांनी.

मोहिमेने माणसं वयाने मोजली, हा तिच्यातला खरा खोडा. खुल्या समाजासाठी ते बरोबर. पण निवासी संस्थेत २२ वर्षांचा बौद्धिक दिव्यांग तरुण, ४५ वर्षांची काळजीवाहक ताई, स्वयंपाकीण मावशी आणि रात्रीचा पहारेकरी हे सगळे एकाच तांब्याचे भागीदार असतात. १८ वर्षांच्या मुलाला गोळी आणि शेजारच्या खाटेवरच्या २०च्या तरुणाला नाही, तर त्या गोळीची किंमत दोन महिन्यांत शून्य. इथं औषधाचं एकक माणूस नसावं, छप्पर असावं. एकाच दिवशी सगळ्यांना, दोन आठवड्यांनी पुन्हा सगळ्यांना. गरोदर बाईला आणि झटके येणाऱ्याला डॉक्टरांनी पाहिल्यावरच. त्याच दिवशी चादरी, टॉवेल, चड्ड्या गरम पाण्यात. त्याच दिवशी नखं.

जपानने हे करून दाखवलं. युद्धानंतर तिथं निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात जंत होते. त्यांनी शाळाशाळांतून मुलांचे नमुने वर्षामागून वर्षं तपासले, बाधितांना औषध दिलं, शेतात ताजा मैला टाकणं थांबवलं. पुढे पिनवर्मसाठी चिकटपट्टीची तपासणी शाळकरी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली. २०१६ साली ती सक्तीच्या यादीतून काढली, कारण सापडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. गोळी त्यांच्याकडेही होती. तिच्याआधी मोजणी होती.

आपल्याकडे मोजणी टळते ती लाजेने. "आमच्याकडे तसलं काही नाही" हे उत्तर चालक आधी देणगीदाराला देतात, मग तपासनीसाला, शेवटी स्वतःलाही. जंत निघाले म्हणजे संस्था घाणेरडी, हा समज इतका घट्ट की खाजवणाऱ्या मुलाच्या हातावर फटका बसतो आणि विषय संपतो. बालगृहांच्या नियमांत सात मुलांमागे किमान एक संडास सांगितला आहे. तो मोजता येतो, त्याचा फोटो काढता येतो. त्या संडासाशेजारच्या नळावर साबणाची वडी आहे का, हे कुठल्याच फोटोत येत नाही.

तेव्हा या सभागृहातून जाणाऱ्यांना एक विनंती. वाढदिवस, श्राद्ध, पुण्यतिथी अशा निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळजण वृद्धाश्रमाला, मुलांच्या निवासी शाळेला जेवण देतात. पुढच्या वेळी जिलेबीबरोबर दोन डझन साबणाच्या वड्या, नेलकटर आणि लांब दांड्याची ओगराळी न्या, म्हणजे पिंपात कुणाचा हात बुडायला नको. आणि निघताना चालकांना, जरा बाजूला घेऊन, विचारा: मागच्या वेळी जंताची गोळी दिली तेव्हा स्वयंपाकीण मावशींना दिली होती का?